चीनहून आणलेलं भांडं

आज सुनेनं आल्याचा काढा उकळला आणि त्या वासानं मी अमरावतीच्या माहेरच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

कापसाचा भाव चढला तेव्हा माझा मोठा भाऊ मुंबईच्या व्यापाऱ्याबरोबर जहाजानं चीनला गेला होता. येताना त्यानं पोटात निखारे घालायचं तांब्याचं भांडं आणलं. त्या रात्री स्वयंपाकघरात त्यात आल्याचं पाणी खदखदत होतं. भोवती बसून, एकाच पाण्यात पालक, शेवया शिजवत, त्यातूनच उचलून सगळ्यांनी जेवायचं होतं.

बाबा आले. "दर्या ओलांडला, ते मी गिळलं. आता घराले उष्टं चारून राहिला काय?" म्हणत त्यांनी भांड्याला लाथ मारली. उकळतं पाणी आईच्या पायांवर सांडलं. बाबांनी चुलीतलं जळतं लाकूड भावाच्या खांद्यावर हाणलं. भावानं त्यांना भिंतीवर आदळलं. त्यांच्या नाकातून रक्त आलं, तरी लाकूड सुटलं नाही.

"याले घराबाहेर काढतो," ते म्हणाले.

आई भाजलेल्या पायांनी खाली बसली. भांड्यात उरलेला पालक तिनं भावाला भरवला, मग त्यातलाच स्वतः खाल्ला.

"आता मलेबी काढा," ती बाबांना म्हणाली.

मी तेव्हा भावाच्या ताकदीकडेच बघत होते. बाबा मात्र आईकडे बघत होते, आणि लाकूड त्यांच्या हातून गळून पडलं.