मावसाजींची परात

आमच्या मावसाजींइतका चौकस माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. मावशीचे हे यजमान आसेगावला भाजीपाल्याचा मळा करायचे, पण भाजीपेक्षा त्यांचा जीव "हे असं काहून होते?" या प्रश्नात जास्त. वांग्याच्या रोपांवर एका कोपऱ्यात रोग दिसला की तो रोज कुठवर सरकतो हे मोजायला ते काड्या रोवून बसत, आणि मावशी जेवायला हाका मारून थकायची.

"कोवळ्या रोपाले पयले लागते, जून झाडाले मंग," हा त्यांचा शोध. तो त्यांनी माणसांना लावला, त्याला कारण होतं. हिवाळ्यात गावभर खोकला-पडसं फिरे. मोठी माणसं चार दिवस शिंकून बरी होत, तान्ह्या लेकरांची मात्र छाती भरून येई. मावशीची दोन लेकरं अशीच दोन हिवाळ्यांत गेली होती. म्हणून तिसरी, सखू, झाली तेव्हा तिचा पहिला हिवाळा सुखरूप पार करवायचाच, असं मावसाजींनी ठरवून टाकलं.

त्यांनी पितळेची परात चिंचेनं लखलखीत घासून अंगणात उभी केली. येईल त्याला तिच्यासमोर बोलायला लावायचं आणि परातीवर किती थेंब उडाले ते डोळा लावून बघायचं. आधी एक हात अंतरावरून, मग दोन, मग चार. पाटलांच्या तोंडून मोटेसारखं पाणी उडतं, हे त्यांनी खुद्द पाटलांनाच सांगितलं. बोलण्यापेक्षा खोकला लांब जातो आणि खोकल्यापेक्षा शिंक, हे नक्की झाल्यावर त्यांनी अंगणात राखेची रेघ ओढली. रेघेच्या आत पाहुणा नाही आणि पोरीचा मुका तर नाहीच नाही.

मी तेव्हा कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला होतो. बैलांच्या दमणीत हाडं खिळखिळी करून घेत आसेगाव गाठलं आणि कुंपणापाशीच खाकरलो.

"थांब. तठूनच बोल."

"कापसाची धूळ हाय, मावसाजी. पडसं नाही."

"परातीले काय समजते धूळ का पडसं? तठीच बस."

माझं ताट चिंचेखाली आलं. मला राग आला, पण पोटभर जेवलो.

संक्रांतीनंतर बोरन्हाणाची वेळ आली. दहा बाया गोळा होणार, लेकराच्या डोक्यावरून बोरं ओतणार, म्हणजे मावसाजींच्या शास्त्रात अनर्थच. पण मावशी हटून बसली, "माह्या पोरीचं बोरन्हाण होईन म्हणजे होईन." तेव्हा मावसाजींनी सुपाला लांब बांबू बांधला आणि बायांनी रेघेबाहेर उभं राहून ते पोरीवर उलटं करायचं, असं ठरलं. अर्धी बोरं कोंबड्यांकडं गेली. शेजारची आजी तोंडाला पदर लावून हसत म्हणाली, "पोरीले न्हाऊ घालून राह्यले का बोरं झोडपून राह्यले?"

"पदर तसाच राहू दे आजी," मावसाजी म्हणाले. "लय बेस हाय."

अशी साऱ्या गावाची परीक्षा झाली. एकाच माणसाची घ्यायची राहून गेली होती. मानोऱ्याच्या बाजारात दिवसभर भाजी विकून मावसाजी घरी आले आणि परातीसमोरच शिंकले. वाकून त्यांनी थेंब पाहिले, आणि रेघेबाहेर जाऊन उभे राहिले. अंथरूण मळ्यातल्या खोपीत गेलं.

"तुमी तं बाप हाय तिचे," मावशी म्हणाली.

"म्हणूनच."

मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते रेघेबाहेर उकिडवे बसून लेकीकडं बघत होते. सखू पाळण्याला धरून उभी होती. तिनं धरलेला हात सोडला आणि आयुष्यातलं पहिलं पाऊल टाकलं, ते नेमकं बापाच्या दिशेनं. मग दुसरं, तिसरं. राखेची रेघ तिनं पायानं पुसून टाकली. मावसाजी हात पसरून उठले. मग तेच हात त्यांनी पाठीमागं बांधले आणि एकेक पाऊल मागं सरकत गेले, पार कुंपणाला पाठ लागेपर्यंत. मावशीनं धावत जाऊन पोरीला उचललं.

"किती पावलं टाकले वं?" त्यांनी तोंडावर उपरणं धरून विचारलं.

"सात."

"मले तं नऊ दिसले."

खोकला गेल्यावरही आठ दिवस त्यांनी तिला हात लावला नाही. तो हिवाळा सखूनं पार केला आणि पुढचेही केले. आता मावसाजी नाहीत. परात सखूच्या घरी आहे, आणि थंडी पडली की तिच्याही अंगणात राखेची रेघ असते. तिची लेकरं आतून मला हाका मारतात. मी कुणी न सांगता बाहेरच थांबतो, आणि राग आता येत नाही.