सिद्धेश्वराच्या लग्नाला आम्ही तिघी

सकाळची गाडी कुर्डुवाडीच्या फलाटाला लागली तेव्हा आमच्याजवळ एक वळकटी, दशम्यांचा डबा, फिरकीचा तांब्या, चार वर्षांची विमी, सासूबाई आणि पाच अटी एवढं सामान होतं. अटी सासूबाईंच्या होत्या. विमीची कुंची (कानांवरून घेऊन पाठीवर सोडलेलं टोपरं) उतरवायची नाही. बाहेरचं खायला द्यायचं नाही. परक्या माणसाकडे द्यायची नाही. उन्हात उभी करायची नाही. आणि तिचं बोट क्षणभरही सोडायचं नाही.

या पाचांच्या वर एक कळस होता. आदल्या संध्याकाळी सासूबाई आमच्या ह्यांना म्हणाल्या, "पोरीला नुसती शिंक जरी आली ना, तर हिनं पुन्हा जत्रेचं नाव काढायचं नाही." आमचे हे रेल्वेत कारकून. साहेबांचं आणि आईचं बोलणं ते एकाच चेहऱ्यानं ऐकतात. त्यांनी मान हलवली आणि टाकाला नवी निफ बसवायला घेतली.

कुर्डुवाडी म्हणजे जंक्शन. सहा वर्षं तिथे संसार करून मी दुसऱ्यांना गावाला जाताना बघण्यात पटाईत झाले होते. पुण्याची गाडी इकडे, पंढरपूरची तिकडे, सोलापूरची पलीकडे, आणि मी क्वार्टरच्या दारात गहू निवडत. सोलापूरचा गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) दोन-अडीच तासांवर, पण तो मी फक्त शेजारणींच्या तोंडून पाहिला होता. गेल्या वर्षी जायचं ठरलं तर विमीला गोवर आला. यंदा वर्षभर रदबदली केली तेव्हा कुठे होकार मिळाला, आणि तोही सासूबाई "पोरीवर नजर ठेवायला" सोबत येणार म्हणून. तेव्हा मैत्रिणींनो, माझा सगळा पुढचा जन्म विमीच्या नाकावर अवलंबून होता हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

सासूबाई सोवळ्या. सासरे गेल्यापासून तीस वर्षं अंगावर विधवेचं लाल आलवण. गाडीत सोवळं टिकत नाही हे त्यांना मान्य आहे, पण म्हणून त्या खिडकीजवळची जागा सोडत नाहीत. आपली धाबळी पसरून त्या बसल्या आणि माढा येईपर्यंत समोरच्या बाकावरच्या माणसांकडे पाठ करून बाहेर बघत राहिल्या.

माढ्याला मेंढरं राखणारं एक जोडपं चढलं. नवऱ्याच्या खांद्यावर घोंगडी, बायकोच्या मांडीवर हुरड्याची पुरचुंडी. विमीनं आधी पुरचुंडी पाहिली, मग बाई पाहिली. बाईनं विमीची कुंची पाहिली, तिच्या गाठी पाहिल्या, आतला लोकरीचा पट्टा पाहिला.

"बाय, पोरीला लईच गुंडाळलंय की," ती मला म्हणाली. "मेंढराच्या अंगावर बी येवढी लोकर न्हाय."

सासूबाईंची पाठ ताठ झाली. मी हसू दाबण्यासाठी वळकटीच्या दोऱ्या आवळू लागले, आणि तेवढ्या वेळात विमीनं बाईच्या हातून मूठभर हुरडा घेऊन तोंडात कोंबला. मी बघेपर्यंत तिचे गाल फुगले होते. दुसरी अट मोहोळच्या आधीच गेली. हुरडा ताजा होता, कोवळा होता, आणि मलाही दोन चिमट्या मिळाल्या, हे मी इथेच कबूल करते.

सोलापूरला उतरल्यावर टांगा केला. टांगेवाला म्हातारा, डोक्याला रुमाल, तोंडात पान. त्यानं गिरण्यांची धुराडी दाखवली, सात रस्त्याची गर्दी दाखवली, आणि किल्ल्याच्या अलीकडे घोडा थांबवून म्हणाला, "आगे टांगा नै जाता, अम्मा. चलके जाव." पुढे नुसती डोकी होती. फेटे, टोप्या, पदर. खेड्यापाड्यांतून बैलगाड्या आल्या होत्या, त्यांचे बैल सोडून चाकांना बांधले होते. मराठी, कानडी, तेलुगू आणि मुसलमानी बोली एकाच वेळी कानावर आदळत होत्या, आणि सगळ्यांचा अर्थ बहुधा एकच होता, की सरका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी कथा सांगते. सिद्धेश्वर मोठे तपस्वी. एका कुंभाराच्या मुलीनं त्यांना पाहिलं आणि लग्न करीन तर यांच्याशीच असा हट्ट धरला. तपस्वी म्हणाले, मला ते जमायचं नाही, तू माझ्या योगदंडाशी लग्न कर. तिनं केलं. मुलीनं नवरा मागावा आणि हाती काठी यावी, यात देवाधर्माचं काही नसून ती घरोघरची गोष्ट आहे असं माझं मत आहे, पण ते मी सासूबाईंपुढे मांडलं नाही. तर तेच लग्न अजून दर भोगीला तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर लागतं. नंदीध्वज म्हणजे उंचच उंच काठ्या, वर बाशिंग बांधलेलं. पांढरी बाराबंदी घातलेले गडी त्या कमरेच्या पट्ट्यात तोलून उभ्याच्या उभ्या वाजतगाजत आणतात. कट्ट्यावर संमती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकंच, वाचली जाते, घोष होतो, आणि आलेलं सगळं गाव अक्षता टाकतं.

विमीनं आपल्या हातानं अक्षता टाकावी ही माझी हौस. त्यासाठी मी आठ दिवस घरात तालीम घेतली होती. केरसुणी उभी करायची, तिला चिंधीचं बाशिंग बांधायचं, आणि मी पळीनं ताटली बडवली की विमीनं कुरमुरे उधळायचे. आमचे हे एकदा जेवायला बसले असताना त्यांच्या वरणावर लग्न लागलं. तालीम फारच उत्तम झाली होती. त्यातलं काय चुकलं होतं ते पुढे कळेल.

कट्ट्यापर्यंत जाणं शक्यच नव्हतं. आम्ही तळ्याच्या कडेला बऱ्याच मागे उभ्या राहिलो. मला समोरच्या फेट्याशिवाय काही दिसेना, विमीला तर फक्त गुडघे दिसत होते. ती मुसमुसू लागली. शेजारी एक तेलुगू विणकर जोडपं होतं. नवरा चांगला धिप्पाड. तो म्हणाला, "द्या की पोरीला माज्याकडं. खांद्यावरून समदं दिसतंय." मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या मुद्दाम तळ्याकडे बघत होत्या. मी विमीच्या मुठींत अक्षता भरल्या आणि पोर दिली. तिसरी, चौथी आणि पाचवी अट एकदमच गेली.

आणि त्याच वेळी मला दिसलं. सासूबाईंनी पदराची गाठ सोडली आणि मूठ मिटून आलवणाखाली लपवली. मुठीतून दोन पिवळे तांदूळ खाली पडले. आमच्या घरात अक्षता मी केल्या होत्या, त्याही विमीपुरत्या. ह्या त्यांनी वेगळ्या केल्या होत्या, कधी आणि कुठे ते देव जाणे. तीस वर्षं मी नव्हते तिथे, पण सहा वर्षं पाहिलंय. लग्नघरी अक्षतांचं ताट फिरतं, आणि सासूबाईंपुढे आलं की जरा वेगानं पुढे सरकतं. त्या आपण होऊनच कोठीच्या खोलीत जाऊन बसतात, नारळ मोजतात. त्यांच्या सख्ख्या मुलाच्या लग्नातही, म्हणजे माझ्याच, त्या तिथेच होत्या. आणि मी बया समजत होते की या नातीची कुंची सांभाळायला आल्यात. मला स्वतःची लाज वाटली.

इथे कोण कुणाला विचारणार होतं? देवाचं लग्न, लाखभर वऱ्हाडी. इथे ताट फिरत नाही, जो तो आपली मूठ आणतो.

काठ्या दिसू लागल्या. उन्हात बाशिंगं चमकली. कट्टा अजून लांब होता, संमती वाचायला अवकाश होता, आणि काठ्या नुसत्या वळणावर आल्या म्हणून आमच्या बाजूच्या ताशेवाल्यांनी कडाडून ताशा लावला. मी "विमे, थांब" म्हणेपर्यंत विमीनं, आठ दिवसांच्या शिकवणीला जागून, दोन्ही हातांनी अक्षता उधळल्या.

एवढ्या मागे कुणाला काही ऐकू येत नाही. पुढच्यानं टाकली की मागच्यानं टाकायची हीच तिथली रीत. विणकराच्या खांद्यावरची विमी सगळ्यांत उंच, सगळ्यांना दिसणारी. तिचे हात वर गेले आणि मागच्या शे-दोनशे माणसांनी भक्तिभावानं आमच्यावर ज्वारी, तांदूळ जे होतं ते फेकलं. सासूबाईंनीही टाकली. डोळे मिटून, अगदी मनापासून.

मग पुढून कुणीतरी ओरडून सांगितलं की अजून वाचन सुरू पण झालेलं नाही.

शे-दोनशे माणसं रिकाम्या हातांनी एकमेकांकडे बघत होती आणि मग सगळी मिळून विमीकडे. विणकराची बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. सासूबाईंनी डोळे उघडले, तळहात पाहिला. तो रिकामा होता. मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कट्ट्याकडे गलका शांत होऊ लागला. आता खरंच सुरू होणार होतं. मी खाली वाकून मातीतले दाणे शोधू लागले, तर सासूबाईंनी मला बाजूला केलं, विणकराला हातानं खूण करून पोर खाली घेतली आणि विमीच्या हनुवटीखालची गाठ सोडली. भर उन्हात, भर वाऱ्यात, स्वतःच्या हातानं कुंची उतरवली. मागच्यांनी फेकलेल्या अक्षता कुंचीच्या घोळात आणि झालरीत साचल्या होत्या. त्यांनी ती तळहातावर झटकली. तांदूळ निघाले, पिवळी ज्वारी निघाली, एक शेंगदाणाही निघाला. कुणाकुणाच्या मुठीतले ते दाणे, त्यांना जात विचारायला त्या विसरल्या.

"माज्याकडं न्हाय उरलं, न्हायतर दिलं असतं, अम्मा," विणकरीण म्हणाली.

"पुष्कळ आहेत," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यातलेच चार दाणे तिच्या हातावर ठेवले, चार माझ्या, चार विमीच्या.

घोष झाला. या वेळी आम्ही चौघींनी वेळेवर टाकल्या. सासूबाईंचा हात सगळ्यांत उंच गेला होता. मी रडले, आणि धूळ फार आहे असं म्हणाले.

त्यानंतर गड्ड्यात विमीला लाकडी पाळण्यात बसवलं, ती वर गेल्यावर "मला उतरवा" म्हणून आणि खाली आल्यावर "पुन्हा बसवा" म्हणून रडली. दशम्या तळ्याकाठी खाल्ल्या. तंबूतला बायस्कोप बघायचा माझा फार विचार होता, पण संध्याकाळची गाडी गाठायची होती. विमी परतीच्या प्रवासात पाकणीच्या आधीच झोपली. कुंची सासूबाईंच्या मांडीवर घडी करून होती. ती परत घालायचं दोघींपैकी कुणालाच सुचलं नाही.

घरी आलो तर आमचे हे दारात उभे. "कशी झाली जत्रा?" त्यांनी आईला विचारलं. सासूबाईंनी पाढा वाचला. गर्दी ही एवढी, धूळ ही एवढी, पोरीनं हुरडा खाल्ला, परक्याच्या खांद्यावर बसली, उन्हात तापली. एकही कलम सुटलं नाही, कुंचीचं सोडून. मी तांब्या हातात घेऊन उभी. संपलं, मला वाटलं. आता पुन्हा दारात गहू.

आणि इतक्यात विमीनं डोळे उघडले, नाक वर केलं आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या.

ह्यांनी आईकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. सासूबाईंनी पदरानं विमीचं नाक पुसलं, तिला खांद्यावर घेतलं आणि आत जाता जाता मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हिच्यासाठी दोन मुठी बांधून घे. एक आधी उधळायला."