उघड्या तळहातावरचा ख्रिस्त

अंथूसा तांबटांच्या बाजारातून लगबगीने निघाली होती, उजवा तळहात उघडा ठेवून. हातावर कांस्याचे एक झिजलेले नाणे होते. त्यावर ख्रिस्ताचा चेहरा, वरच्या कडेला भोक आणि भोकात लाल दोरा. गल्लीत कुणाला कळा सुरू झाल्या की हे नाणे तिच्या गळ्यात बांधायचे आणि बाळ झाले की पुढच्या घरी द्यायचे, अशी रीत होती. ते आणायचे बाळंतिणीच्या आईने, तेही उघड्या हातावर. थैलीत घातले की त्याचा नुसता पैसा होतो, असे बायका म्हणत. आज पाळी अंथूसाच्या लेकीची, युफेमियाची होती.

बाजारावर देखरेख करणाऱ्या पोथोसने तिचे मनगट धरले.

"थांब ए मावशी! हे भोक कुणी पाडलं?"

"माझ्या सासूनं. पकडायचं असेल तर कबर दाखवते."

"सम्राटाचं नाणं बिघडवणं गुन्हा आहे. हे भट्टीत जाणार." त्याने नाणे उचललेही.

अंथूसा जन्मभर उकडलेले हरभरे विकत आली होती. सणासुदीला देखरेखीची हीच सरकारी माणसे तिच्या टोपलीतून मूठमूठ उचलून नेत, आणि ती गप्प बसे. नवऱ्याला सैन्यात ओढून नेले, तेव्हाही ती गप्पच होती. आज मात्र तिच्या कपाळाची शीर तडतडली.

"सम्राटाचं? यावर कुठाय तुझा सम्राट, दाखव की! एका बाजूला प्रभू, दुसऱ्या बाजूला प्रभूचंच नाव. राजांचा राजा! मला वाचता येत नाही, पण तुला तर येतं ना?"

लोक हसले. सिसिन्निओस तांबटाने हातोडी खाली ठेवली. "साहेब, भट्टी पेटलेली आहे. टाका तुमच्या हातानं. मी नाही टाकणार."

पोथोस चिडला. "मोठे आले धर्मात्मे! टाकसाळीत जुन्या नाण्यावर नवा ठसा मारतात, प्रभूच्या तोंडावर घण घालतात. तेव्हा कुठे जातो तुमचा धर्म?"

हे खोटे नव्हते.

"त्यांनी पाप केलं म्हणून तुलाही परवाना मिळाला काय रे?" अंथूसा म्हणाली. "माझी पोर तिकडे तळमळतेय!"

"मग एक धड नाणं दे आणि हे घेऊन जा."

तिच्या कनवटीला एकच नाणे होते, सुईणीने सांगितलेल्या तेलासाठीचे. त्यावरही तोच चेहरा. तिने ते त्याच्या हातावर आपटले.

"त्या दगलबाज चेल्यानं, यहूदानं, प्रभूला एकदाच विकला. तुझं तर दुकानच आहे!"

धड नाणे सरकारी पेटीत न जाता पोथोसच्या कमरपट्ट्यात गेले. सगळ्यांनी पाहिले. त्याच्याकडून भोकाचे नाणे घेऊन अंथूसा उघड्या तळहातानेच घराकडे धावली.

ती घरी पोचली तेव्हा सुईण खेकसली, "तेल कुठाय?"

"तेल पोथोसनं खाल्लं!" अंथूसा लेकीच्या गळ्यात दोरा बांधू लागली. बांधता बांधता तिने सगळे सांगून टाकले.

"आणि तू दिलंस?" युफेमिया कोपरांवर उठत किंचाळली. "त्या मेल्याला दिलंस?"

"नाही तर काय करू? तुला अशीच सोडू?"

"हात तोडायचा होता त्याचा!"

तेवढ्यात मोठी कळ आली. सुईणीने बाह्या सावरल्या. "हं, घाल शिव्या, पण जोर खाली लाव."

युफेमियाने पोथोसच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. चौथ्या पिढीपाशी मुलगी झाली.