जमनामावशीकडचा रविवार

मुरबे गावातल्या कोळ्यांच्या आळीत टीव्ही होता तो फक्त जमनामावशीकडे. नवरा मासेमारीला गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून घरात ती एकटीच. रविवारी मात्र अंतराळाची मालिका बघायला आळी जमायची, वाद रंगायचा. तिला तोच हवा असायचा.

"यान उडतं, ते पटलं," होडीचा तांडेल दादू म्हणाला. "पन नवरा निघताना बायको 'कवा येशील' इचारते? खोटं हाय. असं इचारलं तर मानूस परत येत नाय."

"ती काय कोळीण हाय?" शेजारची मंजुळा हसली.

मावशी म्हणाली, "मी नव्हतं इचारलं."

पुढच्या रविवारी यानात शिंगवाला राक्षस शिरला, तरी कुणी खोटं म्हणेना.

"दादू, हे तरी पटतं का रे?"

"पटतं, मावशे," दादू खाली बघत म्हणाला.