हळद लागलेल्या नवरीची छबी

छबीचा भाव कसा बांधायचा, हे मला कोणी शिकवलं नाही. काच कशी धुवायची ते शिकवलं, औषध कसं ओतायचं ते शिकवलं, साहेबासमोर किती वाकायचं तेही शिकवलं. भाव मात्र उस्ताद स्वतः सांगायचा, आणि सांगायच्या आधी मला पाणी आणायला बाहेर पिटाळायचा.

उस्ताद म्हणजे अकोल्याचा छबीवाला. मूळचा कुठला कोण जाणे. हिंदुस्थानी बोलायचा, मला बेटा म्हणायचा आणि बेट्याकडून दिवसभर काचा घासून घ्यायचा. साहेब, मडमा, त्यांची कुत्री, कापसाच्या गठाणी, रेल्वेचे अर्धवट पूल, एवढ्यांच्या छब्या आम्ही काढत असू. चांदीच्या पाण्याने माझी बोटं काळी पडली होती. राखेने घासा, लिंबाने घासा, ते डाग जात नाहीत. घरी गेलो की आई म्हणे, "बाप्पा, कोनाची चूल सारवून आला?"

घर आमचं अमरावतीला. बाप माळी, झेंडू-मोगऱ्याचा मळा करायचा आणि लग्नाकार्याला हार पुरवायचा. मला मळा नको होता, मला स्वतःची पेटी पाहिजे होती. छबी काढायची पेटी, जिच्या काचेला डोळा लावायला कोणाची परवानगी लागणार नाही अशी. उस्तादाकडे एक जुनी पेटी धूळ खात पडली होती. साठ रुपये आण आणि घेऊन जा, असं तो म्हणायचा. वर हसायचा, कारण काचा घासून साठ रुपये सात जन्मांत जमले नसते हे त्यालाही ठाऊक होतं.

मग ते लग्न आलं. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि आमच्याकडे कालपर्यंत उधारीवर मीठ नेणारी माणसं चांदीच्या तोड्यांशिवाय घराबाहेर पडेनाशी झाली होती. अमरावतीचा कापसाचा एक आडत्या त्यातलाच. एकुलती एक मुलगी, नऊ-दहा वर्षांची, आणि वऱ्हाड येणार अकोल्याहून. साहेबाच्या बंगल्यात त्याने मडमेची छबी पाहिली होती. आता त्याला लेक-जावयाची पाहिजे होती. हत्ती आणला, कलावंतीण आणली, तशीच छबीही.

उस्ताद म्हणाला, "शादी-ब्याह मैं नहीं करता. तू कर. पुरानी पेटी ले जा. साठ रुपये लाया तो तेरी, नहीं लाया तो वापस." मी त्याच्या पाया पडलो. खरंच पडलो. देव माणूस वाटला मला तो.

आता भाव. काचेचे इतके, औषधाचे इतके, गाडीभाड्याचे इतके, असा हिशेब मी बोटांवर करत होतो. बापाला विचारलं तर तो म्हणाला, "पोरा, फुलाचा भाव सकाळी येक अन् दुपारी येक. तुही छबी सुकते का?" मी म्हटलं, नाही सुकत. "मंग तिचा भाव मले कसा समजन?" आई तिथेच पाकळ्या निवडत बसली होती. ती म्हणाली, "काचेचे घे, औषधाचे घे, अन् हाताचे घ्यायले लाजू नको." सगळ्या गावात शहाणं बोललं ते एवढंच एक माणूस. मी ऐंशी सांगायचं ठरवलं.

आडत्या गादीवर लोडाला टेकून बसला होता, भोवती चार दलाल. मी तोंड उघडणार तोच त्याने माझा हात ओढून शेल्याखाली घेतला. कापसाचा सौदा असाच होतो. भाव तोंडाने बोलत नाहीत, शेल्याखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. अमरावतीचं शेंबडं पोरही ती बोटं ओळखतं. मी ऐंशीची बोटं दाबली. त्याने पन्नासाची दाबली. मी पुन्हा, त्याने पुन्हा. शेवटी सत्तरावर त्याचा हात थांबला आणि माझा जीव भांड्यात पडला. पेटीचे साठ, खर्चाचे दहा. हाताचं काही उरत नव्हतं, पण पेटी माझी होत होती ना!

शेला बाजूला झाल्यावर आडत्या माझी काळी बोटं बघून हसला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला, "छबी पसंत पडली तं पैशे. नाई पडली तं राम राम." दलालांनी माना हलवल्या. भाव शेल्याखाली ठरला, त्याला साक्षीदार नाही. अट मात्र चारचौघांत बोलली गेली. ह्याला म्हणतात व्यापारी! मी मूर्खासारखा हो हो म्हणत होतो.

तयारीला लागलो. वैशाखात आमच्याकडे औषध काचेवर ओतलं की वाळायलाच बघतं, आणि वाळलं की संपलं, छबी उठत नाही. ते औषधसुद्धा कापसाचंच. तेजाबात मुरवलेला कापूस दारूत विरघळवून त्याची चिकट साय करतात. काचा खरं तर कापसात बांधायच्या, पण त्या साली कापूस काचेपेक्षा महाग, म्हणून कोंड्यात पुरल्या. आडत्याच्या गोठ्यात ओल्या घोंगड्यांचा अंधारा तंबू केला, मातीच्या घागरी भरून ठेवल्या. गोठ्यातल्या म्हशी हलवायला घरची माणसं तयार नव्हती. मग म्हशी आणि मी, दोघंही राहिलो.

लग्नाच्या आधी हात बसावा म्हणून मळ्यात एक छबी काढून पाहिली. आई मधे बसली, पुढ्यात झेंडूची रास. छबी उठून दिसावी म्हणून काचेमागे काळं फडकं धरून पाहिलं तर आई नीट आली होती, पण झेंडू सगळा काळा ठिक्कर. पिवळाधमक झेंडू, आणि कोळसे ओतल्यासारखा दिसत होता. मी घाबरलो. उस्ताद तेव्हा बडनेऱ्याला रेल्वेच्या साहेबांकडे कामावर आला होता. तडक चालत गेलो, काच दाखवली. त्याने ती बराच वेळ उन्हात धरली. माझ्याकडे पाहिलं, परत काचेकडे पाहिलं आणि म्हणाला, "दवा बासी हो गई है, बेटा. नई ले जा." नव्या बाटलीचे पैसे घेतले. मी निम्म्या वाटेत पोचेपर्यंत त्याला दुवा देत होतो.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, जेवणं सुरू व्हायची होती, ऊन अंगणात चांगलं उतरलं होतं. नवरानवरीला पाटावर बसवलं. नवरदेव न्हाऊन-धुऊन पांढऱ्या अंगरख्यात. नवरीला पिवळं नेसवलेलं, अंगभर हळद. त्यात बायकांना वाटलं, छबीत हळद उठून दिसली पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील आडत्याने हळदीतही हात आखडला. म्हणून त्यांनी पोरीच्या तोंडावर, गळ्यावर, हातांवर वाटीभर हळद पुन्हा चोपडली. पोरगी मुळात गोरीपान, हळदीने नुसती लखलखत होती. मी म्हटलं, "माय, आता हलू नको. डोळेबी मिटू नको." बिचारी हलली नाही. माशी गालावर बसली तरी हलली नाही.

गोठ्यात येऊन काचेवर औषधाचं पाणी सोडलं. आधी नवरदेवाचा अंगरखा उमटला, मग पगडी, मग त्याचं तोंड. त्याच्या शेजारी मात्र काळोख. काळोखात दोन डोळे आणि नथीचे मोती, बस. आणि त्या क्षणी मला झेंडू आठवला. औषध शिळं नव्हतंच! पिवळं ह्या पेटीला काळं दिसतं. पी हळद अन् हो गोरी म्हणतात लोक, इथे हळद लावली आणि पोर काळी झाली.

काच दडवून ठेवावी म्हटलं, पण आडत्याचा भाऊ तंबूत शिरलाच. माझ्या हातातून काच ओढली आणि मांडवात नेली. नवऱ्याच्या आईने पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अवं माय! हे कोन बसली वं माह्या पोराजवळ?" काच ह्या हातातून त्या हातात फिरली. नवऱ्याचा बाप जुना मुरलेला, त्याने ती शांतपणे पाहिली, आणि म्हणाला, "साहेबाची पेटी हाय ते. तिले वरतून लावलेलं दिसत नाई, आतलं दिसते. काहून एवढी हळद चोपडली, ते आता समजलं."

अहो, पोरगी समोर बसली होती! दहा हातांवर, भर उन्हात! मी ओरडलो, "मामा, तिच्याकडं पाहा ना! डोये हायेत ना तुमाले?" कोणी पाहिलं नाही. शंभर माणसं त्या वीतभर काचेकडे बघत होती आणि जिची छबी तिच्याकडे एकही नाही. मी आडत्याचे पाय धरले. म्हटलं, हळदीमुळे झालं, पिवळं काळं येतं, तोंड धुवा, अजून काचा आहेत, आत्ताच्या आत्ता दुसरी काढून देतो. तर त्याची म्हातारी बहीण अंगावर आली, "हळद उतरवाच्या आंधी धुवाची? येका छबीसाठी? अपशकुनी मेल्या, जीभ झडली नाई तुही?"

नवऱ्याकडच्यांनी त्या काचेवर नवऱ्यासाठी सोन्याचा गोफ उकळला. आडत्याने मुकाट्याने दिला, आणि त्याचा राग माझ्यावर निघाला. पैसे? "राम राम म्हतलं होतं ना तुले? सगळ्यायनं आयकलं." दलालांनी पुन्हा माना हलवल्या. मी सत्तर म्हणालो तर हसले सगळे. कोणते सत्तर, कोणी पाहिले? त्यातल्या एकाने तर माझा बाप हार किती महाग देतो तेही काढलं.

दुसऱ्या दिवशी आडत्याने बडनेऱ्याहून उस्तादाला बोलावून घेतलं. उस्ताद शेरवानी घालून आला आणि साठ रुपये नाहीत म्हणून जुनी पेटी ताब्यात घेतली. सोबत नवी पेटी, आणि ती उचलायला हमाल म्हणून मी. त्याने नवरीकडे एकदाच पाहिलं. "धुलवाओ," म्हणाला. एक शब्द! आणि काय सांगू, त्याच म्हातारीने स्वतः गरम पाणी आणलं, पोरीचं तोंड खसाखसा धुतलं, वर तांदळाची पिठी लावली. भटजींनाही ताबडतोब एक आधार सापडला. मी सांगितलं तेव्हा तो अपशकुन होता. साहेबांच्या छबीवाल्याने सांगितल्यावर ते शास्त्रात बसलं.

मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावतात, तो लावायला मी पोरीच्या पाठीशी गेलो. तिने मान न वळवता हळूच विचारलं, "दादा, कालच्या काचंत हाय ते मी हाओ का?"

"नाई माय. ते काच खोटी हाय."

"मंग सगळे खरी कावून म्हन्तेत?"

मी टेकूचा खिळा घट्ट केला. छबी झकास आली, पिठीने पोर मडमेसारखी पांढरी दिसत होती. तिची सासूसुद्धा हसली. आडत्याने उस्तादाचा हात शेल्याखाली घेतला. किती बोटं दाबली देव जाणे, पण उस्ताद परत येताना खुशीत गुणगुणत होता.

बडनेऱ्याच्या वाटेवर मी गाडी थांबवायला लावली. म्हटलं, उस्ताद, झेंडूची काच तुम्ही पाहिली होती. तुम्हाला माहीत होतं.

वाटलं होतं, नाही म्हणेल. ओरडेल, शिव्या देईल. त्याने पानाचा डबा काढला, सुपारी कातरली.

"पता था," तो म्हणाला. "बता देता, तो तू पेटी लेकर अमरावती में बैठ जाता. फिर मेरी काचें कौन धोता?"

मी उतरून चालायला लागायला हवं होतं. मागे बापाचा मळा होता. पण अमरावतीत आता मला कोण काम देणार होतं? आणि पेटी, जुनी काय, नवी काय, त्याच्याकडेच होती. दुसऱ्या कोणाकडे ह्या मुलखात नव्हती. गाडीवानाने विचारलं, हाकू का? मी मान डोलावली.

गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली. धुतलेल्या काचांचं खोकं माझ्या मांडीवर होतं, आणि खाचखळग्यांत एकही काच फुटू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी उराशी धरून बसलो होतो.