दार आपटणारीचं मार्कशीट

आमच्या घरातला कॉम्प्युटर नावाला माझ्या नवऱ्याचा, पण त्यावर राज्य सासूबाईंचं. लवळ्यात आमच्या घरामागे पूर्वी गोठा होता, तिथं आता पाच खोल्या आहेत, कॉलेजच्या मुलींना भाड्यानं दिलेल्या. कुणाला प्रिंट हवी असली की ती सासूबाईंच्या मेलवर फाइल पाठवते. त्या ती डाउनलोड करतात, प्रिंट काढून देतात आणि फाइल तिथंच राहते. आधार कार्डं, भाडेकरार, मार्कशीटं, प्रोजेक्ट. एकीच्या आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे कागदसुद्धा होते.

फाइलींना नावं सासूबाई स्वतः द्यायच्या. नवऱ्यानं मराठी कीबोर्ड बसवून दिलाय, त्यावर त्या एका बोटानं टाइप करतात. शिक्षण सातवी, पण हिशेब तोंडपाठ आणि नजर तीक्ष्ण. फक्त मुलींची खरी नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. त्यामुळे फाइलींची नावं अशी: ‘चा न पिनारी आधार’, ‘उशिरा नाहनारी करार’, ‘दार आपटनारी मार्कशीट’.

मी मूळची पुण्यातली, कोथरूडची. एका कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घेते. घरी पगार मिळत नाही, तरी काम तेच चालू असतं. दिवाळीत सासूबाई माळ्यावरची भांडी घासायला बसल्या आणि मी डाउनलोड्सचा फोल्डर घासायला घेतला. प्रत्येक फाइलला खोली नंबर, वर्ष आणि इंग्रजीत पूर्ण नाव दिलं. पाच-सहा वर्षांपूर्वीचं जे होतं ते न वाचताच उडवलं. वर कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग मोठ्या अभिमानानं सासूबाईंना बोलावून दाखवलं.

त्यांनी चष्मा वर केला, पडद्याकडे पाहिलं. “ब्येस झालं,” त्या म्हणाल्या. “आता तुज्या शिस्तीत मला काय घावतंय ते बघू.”

मला ते लागलं. आमचं तसं बरं चालतं, पण माझ्या मनात एक जुना काटा होता. लग्न ठरताना या बाईंना मी नको होते, असं मी धरून चालले होते. बघण्याच्या कार्यक्रमात मध्यस्थ काका म्हणाले, मुलगी स्वयंपाकात हुशार आहे. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “नाही हो, मला फक्त मॅगी येते, पोहे आईनं केलेत.” सासूबाईंनी पोहे संपवले आणि पुढं चकार शब्द काढला नाही. होकार यायला आठ दिवस लागले. नवऱ्यानं हट्ट केला असणार, असं मी ठरवून टाकलं, आणि सहा वर्षं तेच उराशी धरून बसले.

भोगीच्या दिवशी माझं घरूनच काम होतं. सासूबाई तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होत्या. अकराच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. हात पिठाचे म्हणून त्यांनी मला स्पीकरवर लावायला सांगितलं.

“काकू, मी बोलतेय,” पलीकडे एक मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली. “नाशिकला नोकरीसाठी कागद तपासायला आलेय. माझी बॅग एसटीत राहिली. मोबाइल, मार्कशीट सगळं त्यात. शेवटच्या वर्षाचं मार्कशीट तुमच्याकडं प्रिंट केलं होतं ना? या नंबरवर पाठवा ना. साडेअकराला माझं नाव पुकारतील.” एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

“ती दार आपटनारी,” सासूबाई म्हणाल्या. “दोन वर्सं व्हती. पाठव लवकर.”

“नाव काय तिचं?”

“दार आपटनारी.”

मी त्या नंबरवर परत फोन केला. उचलला एका गेटवरच्या माणसानं. मुलगी रांगेत आत गेली होती, नाव त्यानं विचारलं नव्हतं. “फोटो आला की आत नेऊन दाखवतो,” म्हणाला बिचारा.

मी माझा सुंदर फोल्डर उघडला. पाच खोल्या, इतकी वर्षं, एकेका खोलीत दोन-दोन मुली. चाळीसच्या वर नावं, सगळी शिस्तीत, आणि त्यातली दार कोण आपटायची ते कुठंच लिहिलेलं नाही. मी सगळ्यांची आधार कार्डं एकेक करून उघडली, सासूबाई मागं उभ्या. ती कार्डं झेरॉक्सवरून स्कॅन केलेली. चेहऱ्याच्या जागी तव्याच्या बुडासारखा काळा डाग.

“ही न्हाई. ही पन न्हाई. ही... बाई हाय का बाप्या?”

अकरा वाजून बारा मिनिटं झाली. त्या मुलीची नोकरी माझ्या हुशारीपायी जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. सासूबाईंनी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, तोच मार मोठा होता. शेवटी मी नवऱ्याला फोन लावला आणि आयुष्यात क्वचित म्हणते ते म्हणाले, “माझं चुकलं.”

“दिवाळीत तू त्या फोल्डरकडं ज्या नजरेनं बघत होतीस ना,” तो म्हणाला, “तेव्हाच मी सगळ्याची कॉपी घेऊन ठेवली. पेनड्राइव्ह ट्रॅक्टरच्या चावीला लावलाय.”

मी अनवाणी पळत अंगणात गेले, चावी आणली. पेनड्राइव्हवर सगळं जसंच्या तसं होतं. ‘दार आपटनारी मार्कशीट’ शोधायला मला तीन सेकंद लागले. अकरा एकवीसला ते नाशिकला पोचलं.

सासूबाई परत भाकरीकडे वळल्या. दुपारी चारला फोन आला, आता आवाज हसरा. कागद पास झाले होते, मूळ प्रत दाखवायला आठवड्याची मुदत मिळाली होती. बॅगही डेपोत सापडली होती. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नाव काय गं पोरी तुजं?” तिनं सांगितलं. “बरं. आता हापिसाचं दार तरी हळू लाव.”

मी प्रायश्चित्त म्हणून पेनड्राइव्हवर बघून जुनी नावं परत द्यायला बसले. वाचताना एकटीच हसत होते. खाली-खाली जात सर्वांत जुन्या फाइलींपाशी आले, ज्या मी दिवाळीत न वाचता उडवल्या होत्या. ते लग्नाचे बायोडाटा होते, सासूबाईंनी मुलासाठी डाउनलोड केलेले. ‘लई उंच’. ‘बाप लई बोलतो’. ‘फोटोत मामीच बरी दिसती’. शेवटच्या फाइलवर आमच्या पोह्यांच्या दिवसाची तारीख, रात्री आठची वेळ, म्हणजे घरी परतल्यावर पुन्हा डाउनलोड केलेली. नाव होतं: ‘खोटं बोलत न्हाई हीच करायची’.

उघडली. आत माझाच फोटो, भाड्याच्या दागिन्यांतला. मला रडू आलं, अगदी लहान मुलीसारखं.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आई, मग आठ दिवस का लावले?”

“म्या कुटं लावले? म्या त्याच राती सांगितलं व्हतं,” त्या कप ठेवत म्हणाल्या. “तुजा नवरा व्हय म्हनंना. भ्याला व्हता तुला.”