न आलेल्यांची यादी

बंगळूरजवळच्या होसकोट्याला मी पहिल्यांदा गेले ती नटबोल्ट मोजायला. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. गणितात एमएस्सी करून मी शहरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते आणि होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहीत होतो. आमचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चिकपेटेत कापडाचं दुकान. घरातली मुलगी रोज बस बदलून कारखान्यात जाते याचं नातेवाइकांना नवल वाटायचं. अण्णा मात्र गिऱ्हाइकांना, कुणी विचारलेलं नसतानाही, "आमची थोरली कम्प्युटरमध्ये आहे" असं सांगायचे. मी नक्की काय करते ते त्यांना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते नीटसं कळलं नव्हतं.

कारखान्यात दर बुधवारी कामगारांना तपासायला एक डॉक्टरीणबाई यायच्या. पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, बोलायला तुटक. गावात त्यांचा स्वतःचा दवाखाना होता, मुख्यतः बायकांचा आणि लहान मुलांचा. एका बुधवारी माझ्या प्रिंटरमधून कागदाची लांबलचक पट्टी बाहेर पडत होती, तिथं येऊन त्या थबकल्या.

"हे काय छापतंय?"

"स्टोअरमध्ये जे असायला हवं होतं पण नाही, त्याची यादी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा वर केला आणि पट्टी हातात घेऊन वाचली. मग म्हणाल्या, "माझ्याकडे रोज कोण आलं ते रजिस्टरमध्ये असतं. कोण यायला हवं होतं आणि आलं नाही, ते कुठंच नसतं. पहिली लस टोचून जातात, दुसरीला येतात, तिसरीला गायब. तुमचं मशीन मला ते सांगेल?"

"सांगेल," मी म्हणाले. आमच्या कंपनीच्या साहेबांना न विचारता दिलेला माझ्या आयुष्यातला तो पहिला शब्द.

साहेब हसले. म्हणाले, दवाखान्याला कसला प्रोग्रॅम, डॉक्टरांकडे कम्प्युटर तरी आहे का? नव्हता. पण कारखान्यानं नवीन घेतले तेव्हा एक जुना डॉक्टरांनी उचलला आणि साहेबांनी मला शनिवारची मोकळीक दिली.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढं एक पडवी. पडवीत टेबल टाकून एक नर्स बसायची. साठीकडे झुकलेली, कपाळावर मोठं कुंकू, कडक इस्त्रीची पांढरी साडी. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. रजिस्टर तिच्या ताब्यात. तिनं कम्प्युटरकडं एकदा पाहिलं आणि त्यावर टॉवेल टाकला. धूळ बसू नये म्हणून, असं म्हणाली.

महिन्याभरात मी पहिला आराखडा घेऊन गेले. पडद्यावर सुबक चौकट: मुलाचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता. मला तो फार देखणा वाटत होता. डॉक्टर आत पेशंट बघत होत्या, म्हणून मी अक्काला दाखवला. तिला इंग्रजीत नुसती नावं वाचता यायची, म्हणून तिनं तो मला कन्नडमध्ये वाचून दाखवायला लावला आणि मग एकेक रकान्यावर बोट ठेवलं.

"मुलाचं नाव? दीड महिन्याच्या पोराला कुठलं नाव, अम्मा? बारसं झालेलं नसतं. पहिल्या लशीला नुसतं बाळ असतं, दुसऱ्या लशीला एक नाव, तिसऱ्याला आजोळचं दुसरंच."

"मग तुम्ही रजिस्टरमध्ये कसं शोधता?"

"आईच्या नावानं. आई बदलत नाही ना."

मग जन्मतारीख. ती विचारली की निम्म्या बाया गप्प होतात, असं तिनं सांगितलं. "उगादीच्या पाडव्याआधीच्या आठवड्यात की नंतर, असं विचार. जत्रेच्या वेळी पोटात होतं का मांडीवर, ते विचार. लगेच सांगतात." शेवटी बोट पत्त्यावर आलं, आणि तिथं तर ती माझ्यावर चिडलीच.

"एकच पत्ता? बाळंतपण माहेरी होतं. पहिली टोचणी माहेरून येऊन. मग ती सासरी जाते, सणाला परत माहेरी. पोर दोन घरांचं असतंय, आणि तुझ्या मशीनला एकच घर ठावं?"

मी वही काढली आणि लिहायला लागले. त्या दिवशी मी पुन्हा कम्प्युटरला हात लावला नाही. पुढचे चार शनिवार मी अक्काशेजारी स्टुलावर बसून नुसती ऐकत होते. ती बायकांना काय विचारते, कशावरून ओळखते, तीन लक्ष्मी एकाच दिवशी आल्या तर कुणाला काय म्हणून हाक मारते. कॉलेजात मला हे कुणी शिकवलं नव्हतं. नंतर मी तो देखणा आराखडा पुसून टाकला आणि पहिल्यापासून लिहिलं. वर आईचं नाव. ते 'लक्ष्मी'सारखं इंग्रजीत पाच तऱ्हांनी लिहिता येत असलं तरी पाचही सापडतील अशी सोय. सणांवरून अंदाजे तारीख काढून देणारं एक छोटं कोष्टक. आणि सासर, माहेर असे दोन पत्ते. दोन्ही भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

ज्यांची तारीख उलटून गेली त्यांना पोस्टकार्ड पाठवायचं ठरलं. तेव्हा आमच्या प्रिंटरला कन्नड येत नव्हतं, म्हणून मजकूर छापखान्यात छापून घ्यायचा आणि पत्त्याची चिठ्ठी तेवढी मशीनमधून काढून चिकटवायची. मजकूर मी लिहिला आणि अण्णांना दाखवला, कारण त्यांचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं. दुकान बंद करून ते जेवायला बसले होते. त्यांनी कार्ड हातभर लांब धरून वाचलं.

"तुमच्या मुलाची लस चुकली आहे? हे काय गे, कोर्टाची नोटीस आहे का? स्वल्प मऊ लिही."

"मग काय लिहू?"

त्यांनी थोडा विचार केला. "असं लिही, बाळाची आम्ही वाट बघतोय. मंगळवारी घेऊन या. एवढं वाचून आई येईल."

"सरी, ठीक आहे," मी म्हणाले, आणि तसंच छापलं.

अक्काला विचारत जुनं रजिस्टर मशीनमध्ये भरून झालं, मग पहिली यादी निघाली ती मी टेबलावर पसरली आणि डॉक्टर, अक्का आणि मी तिघी उभ्यानं वाचू लागलो. डॉक्टरांनी बोटानं नावं मोजली. यादी त्यांना वाटली होती त्याहून बरीच लांब होती. अक्का मधेच म्हणायची, "अय्यो, ही? हिचं तर मी विसरलेच होते." रजिस्टर तोंडपाठ असणाऱ्या बाईच्या तोंडून ते ऐकताना मला जरा बरं वाटलं हे कबूल करते. शेजारच्या पोस्टात आम्ही कार्डं टाकली.

पुढच्या मंगळवारी मी रजा काढून गेले. सकाळी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. कमरेवर पोर आणि हातात पोस्टकार्ड, अशा बायका रांगेत. काहींनी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. एक सासू सुनेला घेऊन आली होती आणि सगळ्यांना सांगत होती, "दवाखान्यातनं पत्र आलं आम्हाला. पोस्टमननं वाचून दाखवलं." डॉक्टरांनी दारातून डोकं बाहेर काढून रांग पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं आणि आत गेल्या. आतून मुलांची रडारड सुरू झाली. मला ती इतकी गोड वाटली की मी उगाच हसत उभी होते.

दुपारी रांग सरत आली तेव्हा एक बाई आली. विशीची असेल. हातात कार्ड होतं, मूल नव्हतं.

"बाळ कुठाय?" अक्कानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माहेरी ताप आला. महिना झाला."

ती कार्डाकडं बघत म्हणाली, "शेजारणीनं वाचून दाखवलं. तुम्ही वाट बघताय म्हणून लिहिलंय. तर सांगायला आले."

स्टोअरमध्ये जो माल नसतो तो मागवला की येतो. मी तोच हिशेब इथं आणला होता. मूल न येण्याचं हेही एक कारण असू शकतं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं, आणि प्रोग्रॅममध्ये त्याला जागा नव्हती. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. हे कार्ड मीच पाठवलं."

ती ओरडेल असं वाटलं. तिनं विचारलं, "त्याचं नाव आहे त्यात?"

मी तिला कम्प्युटरपाशी आणलं. अक्कानं स्वतःची खुर्ची दिली. मी तिचं नाव घालून शोधलं, आणि पडद्यावर आलं ते तिला कन्नडमध्ये वाचून दाखवलं. तिचं नाव, मुलाचं नाव, दोन्ही घरं, दोन लशींच्या तारखा. तिनं मुलाच्या नावावर बोट ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. तिनं तिथं बराच वेळ बघितलं.

"मी हे काढून टाकू का?" मी विचारलं. आमच्या कामात ते फार सोपं असतं, एक कळ दाबायची.

"नको," ती म्हणाली. "घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. इथं राहू दे. फक्त कार्ड पाठवू नका."

डॉक्टर तिला आत घेऊन गेल्या. दोघी खूप वेळ बोलत बसल्या होत्या.

त्या आठवड्यात मी दोन बदल केले. एक म्हणजे प्रत्येक नोंदीत एक खूण, की ती लावली की नोंद जशीच्या तशी राहील पण कार्ड जाणार नाही. दुसरा बदल मशीनमधला नव्हताच. यादी छापली की अक्कानं ती मोठ्यानं वाचायची, आणि गावातल्या दोन अंगणवाडीच्या बायांनी समोर बसून ऐकायची. त्यांनी होय म्हटल्याशिवाय चिठ्ठी चिकटवायची नाही. "मग मशीन कशाला?" असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी त्यांना सांगितलं की मशीन कुणाला विसरत नाही आणि माणसाला गावात काय झालं ते कळतं, दोन्ही लागतं. हे मी त्यांच्याशी इतकं ठामपणे कधी बोलले नव्हते. ते "बरं" म्हणाले. वर्षभरात न आलेल्यांची यादी एका पानावर आली, आणि चुकीच्या घरी कार्ड गेल्याचं पुन्हा कधी ऐकलं नाही. अक्का तोवर एका बोटानं स्वतःच नोंदी भरायला लागली होती. करंट गेला की कम्प्युटरला कन्नडमध्ये शिव्या द्यायची.

मग एकदा शहरातल्या डॉक्टरांच्या सभेत हे काम दाखवायचं ठरलं. डॉक्टरांनी मला नेलं आणि अक्कालाही. आम्ही दोघी पुढच्या रांगेत, ती नव्या पांढऱ्या साडीत, हात मांडीवर घट्ट धरून. डॉक्टरांनी इंग्रजीत सगळं सांगितलं, मी पडद्यावर दाखवलं. प्रश्न आले. माहेरचा रकाना पाहून एक तरुण डॉक्टर म्हणाले, हा नसता तरी चाललं असतं. त्यांच्या शेजारच्या बाई डॉक्टर त्यांच्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "तुमचं लग्न झालंय का?" सगळा हॉल हसला.

शेवटी हेब्बाळच्या एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "हे डिझाइन कुणाचं?"

आमच्या डॉक्टरांनी आमच्या दोघींकडं हात केला. अक्काला तो शब्द कळला नाही. ती माझ्या कानाशी लागली. "काय विचारतायत?"

"हे असं असावं, हे कुणी ठरवलं, असं विचारतायत."

"हां, मग आपणच की," अक्का म्हणाली, जरा मोठ्यानंच, आणि उभी राहिली. मीही उभी राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या संपेपर्यंत ती बसली नाही.

तो प्रोग्रॅम पुढं हेब्बाळच्या दवाखान्यात गेला, मग महादेवपुऱ्यातल्या. आज जिथं आयटी कंपन्या आहेत, तिकडं तेव्हा द्राक्षांचे मळे होते. मी फ्लॉपी घेऊन बसनं जायची, आणि आधी तिथल्या नर्सशेजारी चार दिवस बसायची. त्यानंतर मी पुष्कळ मोठी कामं केली, मोठ्या इमारतींत, मोठ्या टीमबरोबर. त्यांतली बरीचशी आता आठवतही नाहीत. पण त्या सभेची संध्याकाळ आठवते: घरी आल्यावर अण्णांनी "मग, काय झालं?" असं विचारलं, आणि मी जेवता जेवता त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. आपली मुलगी काय करते ते त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं. सकाळी दुकानात त्यांनी ते किती जणांना सांगितलं देव जाणे. दुपारी मी डबा द्यायला गेले तर समोरच्या भांड्यांच्या दुकानातला माणूस उठून रस्ता ओलांडून आला, आणि त्यानं मला विचारलं की त्याच्या नातीची तिसरी लस कधी आहे.